लिफ्टशेजारची चार भोकं

मागच्या दिवाळीत मी व्हिडिओवर तुम्हाला आमच्या इमारतीची रोषणाई दाखवत होते. तेव्हा धाकटीने विचारलं, "आजी, लिफ्टच्या बाजूला भिंतीला ती चार भोकं कसली?" मी म्हटलं, सांगेन सावकाश. तुमची आई म्हणाली, इंग्रजीत लिही, मुलांना सोपं जाईल. इंग्रजी मला येतं. मिशनच्या शाळेत शिकले आणि सगळी नोकरी वर्ध्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात इंग्रजी पुस्तकांच्या कपाटांमध्ये काढली. पण ही हकीकत ज्यांची आहे ती माणसं मराठीत भांडली आणि मराठीतच जिंकली, म्हणून मराठीत लिहिते आहे. अडलं तर आईला विचारा. तिचाही सराव होईल.

त्या चार भोकांत स्क्रू होते आणि स्क्रूंवर एक पाटी होती. पाटी मी लिहिली होती.

आमची इमारत चार मजली, घरं बारा. मी तिसऱ्या मजल्यावर. निवृत्त झाल्यापासून सोसायटीची सचिव मीच होते, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं आणि माझं अक्षर चांगलं होतं. एका सभेत विषय निघाला की कामवाल्या बाया ओल्या बादल्या घेऊन लिफ्टमध्ये चढतात, लिफ्ट घाण होते. ठराव झाला. पांढऱ्या पत्र्यावर काळ्या रंगाने मी लिहिलं : "घरकामगारांनी जिन्याचा वापर करावा." पट्टी लावून, आधी पेन्सिलीने रेघा आखून. सगळ्यांनी अक्षराचं कौतुक केलं आणि मी खूश झाले.

हे लिहायचं माझ्या जिवावर आलं होतं, म्हणूनच ते आधी लिहून टाकलं. माझ्या आजोबांचं गाव आष्टीच्या बाजूला. तिथल्या विहिरीच्या पायऱ्या त्यांच्यासाठी नव्हत्या. कोणीतरी वरून पाणी ओतायचं आणि ते खाली ओंजळ धरायचे. छप्पन्न साली मी सात वर्षांची होते. बाबांनी मला खांद्यावर बसवून नागपूरला नेलं होतं. तिथली गर्दी आणि पांढरी लुगडी मला अजून दिसतात. एवढं सगळं ठाऊक असलेल्या बाईने ती पाटी लिहिली, आणि दोन शब्दांमधलं अंतर बिघडू नये याची काळजी घेतली.

पाटी लागल्यावर महिनाभर सगळ्यांनी पाळली. मग ज्याच्या घरी काही जड आणायचं असेल तो आपल्या बाईला लिफ्टने बोलवायचा. दुसऱ्याची बाई लिफ्टमध्ये दिसली की तिला पाटी दाखवायचा. पाटी सगळ्यांना हवी होती, पण ती दुसऱ्याच्या बाईसाठी.

आता लिफ्टबद्दल. जुनी, जाळीच्या दाराची लिफ्ट. एका कंपनीकडे तिच्या देखभालीचं कंत्राट होतं. दर महिन्याला त्यांचा मिस्त्री मोटरसायकलवर हिंगणघाटहून यायचा, तेल द्यायचा, दोरखंड बघायचा आणि आतल्या कार्डावर तारीख टाकून सही करायचा. साधा, पन्नाशीचा माणूस. एकदा कार्ड भरलं. त्याने कंपनीकडे दोनतीनदा नवीन मागितलं, आलं नाही. मला म्हणाला, "मॅडम, एखांदा कागद द्या नं, सही कोठी करू?"

माझ्याकडे ग्रंथालयातल्या तारखेच्या चिठ्ठ्या होत्या. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवतात त्या. छपाई वाकडी झाली म्हणून रद्दीत जाणारे दोन गठ्ठे मी विचारून घरी आणले होते. मी त्यातली एक लिफ्टमध्ये डकवली. वर छापलेलं होतं, "परत करण्याची तारीख". मिस्त्री त्याच्या खाली इमानेइतबारे तारीख, सही आणि शेरा लिहू लागला. चिठ्ठी भरली की मी ती काढायची, दुसरी लावायची आणि भरलेली फाईलमध्ये ठेवायची. भरलेली चिठ्ठी फेकायची नाही, हे माझ्या हाताला लागलेलं वळण आहे. तुमचे आजोबा असते तर म्हणाले असते, हिने लिफ्टचंही पुस्तक करून टाकलं.

त्या चिठ्ठ्यांवर एक शेरा पुन्हा पुन्हा यायला लागला. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट बरोबर थांबत नाही, चार बोटं वर थांबते. मी तो वाचत होते. सगळेच वाचत होते. आम्ही काय केलं? आम्ही सवय करून घेतली. नवा पाहुणा आला की सांगायचो, "तिसऱ्यावर जरा पाय जपून हं." बिघाडाशी असं जुळवून घेण्यात आपण मोठे पटाईत.

माझ्याकडे काम करणारी बाई रेल्वे रुळांपलीकडच्या वस्तीत राहते. चाळिशीची, चपळ, जिभेने माझ्याहून तिखट. आमच्या इमारतीत तिची चार घरं होती. त्या दिवशी ती चक्कीवरून माझं दळण घेऊन आली. मी गॅलरीत उभी होते. खालीच तिने डबा डोक्यावरून कमरेवर घेतला आणि जिन्याकडे वळली.

मी वरून ओरडले, "अगं, लिफ्टनं ये! डबा जड आहे."

"पाटी हाये नं, मॅडम!"

"पाटीला काय होतंय? मीच लिहिली आहे ती. ये लिफ्टनं."

समोरच्या टपरीवरचा चहावाला हसला. तीही हसली आणि लिफ्टमध्ये शिरली.

मी दार उघडायला आत वळले आणि आवाज ऐकला. आधी डब्याचा, मग तिचा. लिफ्ट त्या दिवशी चार बोटं नाही, चांगली दीड वीत वर थांबली होती. डबा दोन्ही हातांत पोटाशी धरलेला, त्यामुळे तिला पायाखालचं दिसलं नाही. जिथे जमीन असायला हवी तिथे ती नव्हती. मी बाहेर आले तेव्हा सगळा व्हरांडा पिठाने पांढरा झाला होता. ती त्यात बसलेली आणि तिचा उजवा घोटा भलत्याच दिशेला वळलेला.

समोरच्या घराचं दार उघडलं. त्या घरच्या काकूंकडेही ही काम करायची. त्या दारातूनच मोठ्याने म्हणाल्या, "अगंबाई! डोळे कुठं होते हिचे?"

तेवढ्यात अध्यक्ष वर आले. त्यांचं कापसाच्या जिनिंगचं काम आहे, बोलणं मोकळं. ते म्हणाले, "पाटी दिसत नाई का? जिन्यानं जाले सांगतलं होतं नं?"

ती रडत नव्हती. पीठ मुठीत धरून एवढंच म्हणत होती, "लिफ्ट वर होती जी. लिफ्ट वर होती."

घोटा दोन ठिकाणी मोडला होता. ऑपरेशन झालं, आत स्टीलची पट्टी बसवली. दवाखान्याचं मी बघितलं, त्याचं काही नाही. पण पंधरा दिवसांत तिच्या चारपैकी तीन घरांनी दुसरी बाई लावली. काकूंनी सगळ्यांना सांगितलं होतं की ती धांदरट आहे, काचेची भांडी तिच्या हाती देण्यात अर्थ नाही.

मी तिच्या घरी गेले. ती खाटेवर, पाय उशीवर.

"मॅडम, हाडाचं काय, थे जुळते," ती म्हणाली. "पन लोकं म्हनून राह्यले का मी आंधळी हाये. वस्तीतल्याबी बाया पुसते, काऊन वो, पाहून चालता येत नाई काय? आता मले काम कोन देईन?"

"मी सांगेन ना सगळ्यांना."

"तुमी सांगसान अन् थे हाव म्हनतीन. मांगून पुन्हा तेच." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "मले लिवून पाह्यजे. सरकारी शिक्क्यानं. का माही चुकी नव्हती."

घरी येऊन मी फाईल काढली. सात चिठ्ठ्या होत्या.

गावातली एक वकील आमच्या कॉलेजची जुनी विद्यार्थिनी. कॉलेजात असताना तिने एकही पुस्तक कधी वेळेवर परत केलं नाही. चिठ्ठ्या बघून ती म्हणाली, "मॅडम, या चिठ्ठ्यांनी माझं आयुष्य नकोसं केलं होतं. आता कामाला येतील असं वाटलं नव्हतं." मग तिने कायदा समजावून सांगितला, तो मी तुम्हाला सोपा करून सांगते. लिफ्टची देखभाल ही एक सेवा आहे. ती सोसायटीने विकत घेतली, म्हणून सोसायटी ग्राहक. पण सोसायटीच्या संमतीने जो कोणी लिफ्ट वापरतो, तोही ग्राहकच. मग तो मालक असो की भांडी घासणारी बाई. बिघाड माहीत असून कंपनीने तो दुरुस्त केला नाही तर ती जबाबदार. माहीत असून सोसायटीने लिफ्ट बंद ठेवली नाही तर तीही जबाबदार.

"सगळं अडतं ते संमतीवर," ती म्हणाली. "तिला लिफ्टने या असं कोणी सांगितलं?"

"मी."

"आणि येऊ नका अशी पाटी कोणी लिहिली?"

"मीच."

ती खो खो हसली. "म्हणजे दोन्ही बाजूंच्या साक्षीदार तुम्हीच!"

मला हसू आलं नाही.  खरं सांगितलं तर सोसायटी अडकणार होती, आणि सोसायटीच्या सह्या करणारी मीच होते.

ग्राहक आयोगात तिच्या नावाने तक्रार गेली, कंपनीवर आणि आमच्या सोसायटीवर. नोटीस आली त्या दिवशी अध्यक्षांनी सभा बोलावली.

"मॅडम," ते गोड आवाजात म्हणाले, "तुमी फकस्त एवढं म्हना का बाई आपल्या मनानं चढली. पाटी होतीच. मंग ना आपल्याले ताप, ना कंपनीले."

काकू म्हणाल्या, "आणि तिला आपण काहीतरी देऊच की. माणुसकी म्हणून."

मी कार्यवृत्ताची वही उघडली, पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, "हे सगळं असंच लिहू का? सचिवांनी खोटं सांगावं, असा ठराव. सूचक कोण, अनुमोदक कोण?"

अध्यक्ष पंखा वाढवायला उठले. चौथ्या मजल्यावरचे निवृत्त गुरुजी कोपऱ्यातून म्हणाले, "अनुमोदन मिळून नाई राह्यलं वाटते." सभा संपली. तेव्हापासून जिन्यात माझ्याशी तिघंच बोलायची.

आयोगापुढे कंपनीने उत्तर दिलं : लिफ्ट उत्तम स्थितीत होती. सोबत देखभालीचं कोरं करकरीत नवं कार्ड जोडलं होतं. त्यावर दर महिन्याची सही आणि "सर्व ठीक" असा शेरा. बारा महिन्यांच्या नोंदी, एकच शाई, एकच दाब. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी कंपनीची माणसं येऊन लिफ्टमधली चिठ्ठी खरवडून गेली होती. त्यांना वाटलं, तेवढीच एक असेल. पुढे लिहिलं होतं, तक्रारदार महिलेला लिफ्ट वापरायला मनाई होती, आणि ती स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पडली.

आयोगात बरंचसं काम कागदावरच चालतं. पण कंपनीच्या वकिलांनी मला प्रश्न विचारायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. मी इस्त्रीचं सुती लुगडं नेसून गेले होते. ती कुबडी घेऊन मागच्या बाकावर बसली होती.

वकिलांनी पाटीचा फोटो पुढे केला. "हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"छान आहे. याचा अर्थ काय होतो?"

"याचा अर्थ, मी लिहायला नको होती अशी एक गोष्ट लिहिली, असा होतो."

"तुमचं मत नको, मॅडम. तक्रारदाराला लिफ्टची संमती नव्हती, हे खरं ना?"

"नाही, खरं नाही. सोसायटीची सचिव मी. त्या दिवशी गॅलरीतून ओरडून तिला लिफ्टने बोलावलं ते मी. ती बिचारी पाटी दाखवत होती. मी म्हटलं, माझीच आहे, ये. समोरच्या चहावाल्याने ऐकलंय. ठराव मी लिहिला आणि मोडलाही मीच. मी एकटीने नाही, आमच्या बाराही घरांनी मोडला. सोयीने."

"म्हणजे चूक तुमची आहे, असं कबूल करता?"

"माझ्या वाट्याची करते. तुमच्या वाट्याची तुमच्या मिस्त्रीने लिहून ठेवली आहे." आणि मी सात चिठ्ठ्या काढून दिल्या, तारखेच्या क्रमाने, कोपऱ्यात पिन लावून.

आयोगाच्या अध्यक्षांनी चष्मा वर करून पहिली वाचली. "परत करण्याची तारीख? लिफ्ट कोणी घरी नेली होती का?"

सगळे हसले. मी खुलासा केला. मग ते शेरे मोठ्याने वाचू लागले. "तिसरा माळा, चार बोटं वर. साहेबाले सांगतलं." पुढच्या महिन्यात, "तिसरा माळा, तसंच. पुन्हा सांगतलं." त्याच्या पुढच्या, "बिरेक घसलं. नवीन मागतलं. साहेब म्हनते चालू द्या."

कंपनीने मिस्त्रीचं शपथपत्र जोडलं होतं, लिफ्ट ठीक होती असं. त्याला पुढच्या तारखेला बोलावलं. तो आला, टोपी हातात चुरगाळत. चिठ्ठ्या त्याच्यासमोर ठेवल्या. त्याने एकेक उलटून बघितली, मग मागच्या बाकावरच्या कुबडीकडे बघितलं.

"सही माहीच हाये," तो म्हणाला. "लिवलं थे बी खरं हाये."

"आणि हे शपथपत्र?"

"थे टाईप केलेलं साहेबानं आनलं होतं, जी. मी वाचलं नाई. हे मात्र मी माह्या हातानं लिवलं."

कंपनीच्या वकिलांनी कागद आवरायला घेतले. आमची वकील हळूच माझ्या कानात म्हणाली, "मॅडम, तुम्ही मला लावलेले उशिराचे सगळे दंड माफ."

निकाल काही महिन्यांनी आला. कंपनीला बिघाड माहीत होता, तरी तिने तो दुरुस्त केला नाही. सोसायटीला माहीत होता, तरी तिने लिफ्ट बंद ठेवली नाही. दोघांनी मिळून, मोठा वाटा कंपनीने उचलून, बाईचा उपचाराचा खर्च आणि बुडालेली मजुरी भरायची. लिफ्ट पूर्ण दुरुस्त होऊन तपासणी होईपर्यंत चालू करायची नाही. सचिवांनी शेरे वाचूनही कृती केली नाही, असंही एक वाक्य होतं. त्याखाली मी स्वतः लाल रेघ मारली. ते खरं होतं आणि नेमक्या शब्दांत होतं.

पण तिला हवं होतं ते वाक्य सातव्या पानावर होतं : "सदर अपघातात तक्रारदार महिलेची कोणतीही चूक अथवा निष्काळजीपणा आढळून येत नाही." मी ते तिला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग बोट ठेवून विचारलं, "कोठी हाये थे? अन् शिक्का?" शिक्का दाखवला. तिने त्यावर अंगठ्याने हळूच घासून बघितलं, पुसतो की काय म्हणून.

लिफ्टला नवीन ब्रेक बसले, तपासणी झाली. ज्या सकाळी लिफ्ट पुन्हा सुरू होणार होती त्याच सकाळी माझी बाई आली. कुबडी नव्हती, चाल जराशी लंगडी. हातात पेढ्यांचा पुडा आणि प्लास्टिकची पिशवी. मी स्वयंपाकघरातला स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली उतरले होते. तिने स्टूल धरलं, मी पाटीचे चारही स्क्रू काढले.

"अक्षर मात्र चांगलं होतं, मॅडम," ती म्हणाली.

"गप्प बैस."

अध्यक्ष म्हणाले, भोकं पुट्टी भरून बुजवून टाकू. मी म्हटलं, राहू द्या. तेव्हापासून ती आहेत. मी खाली उतरले की रोज एकदा बघते.

मग ती लिफ्टमध्ये शिरली. मला वाटलं, सरळ माझ्याकडे येईल. तिने पहिल्या मजल्याचं बटण दाबलं. पिशवीत सातव्या पानाच्या बारा झेरॉक्स होत्या. प्रत्येक दाराची बेल, एक पेढा, एक कागद. "वाचा," म्हणायची आणि वाचून होईपर्यंत उभी राहायची. अध्यक्ष चष्मा विसरले होते. ती म्हणाली, "घेऊन या, भाऊ. मी थांबून राह्यली." ते आणायला गेले.

मी जिन्याने, एकेक मजला तिच्या मागे. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली. मी वाकून बघितलं. लिफ्ट आणि फरशी एका रेषेत होत्या, पट्टी लावून आखल्यासारख्या. तिने जाळी सरकवली, पायाकडे न बघता बाहेर पाऊल टाकलं आणि समोरची बेल दाबली.

काकूंनी दार उघडलं. पेढा घेतला, कागद घेतला आणि ओठांतल्या ओठांत वाचू लागल्या.

"मोठ्यानं वाचा, काकू," ती म्हणाली. "तवा मोठ्यानंच बोलल्या होत्या."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी चष्मा पुसत होते. मग त्यांनी घसा साफ केला आणि वाचलं, सगळं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. जिन्यात वर आणि खाली माणसं थांबून ऐकत होती. शेवटच्या शब्दाला काकूंचा आवाज खाली आला. "ये ना आत," त्या म्हणाल्या. "चहा टाकते. आणि सोमवारपासून... येशील का कामाला?"

"चहा मंग घेईन. कामाचं पाहू," ती म्हणाली आणि पिशवी सावरून लिफ्टकडे वळली. "अजून चौथा माळा बाकी हाये."

तिने जाळी ओढून घेतली आणि बटण दाबलं.